घरगुती डबे, फराळ आणि मसाल्यांची एफएसएसएआय नोंदणी: माझा अनुभव

डोंबिवलीतल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरातून रोजचे डबे, वर्षभर गोडा मसाला आणि मेतकूट, दिवाळीत फराळ अशी माझी विक्री चालते. तिची एफएसएसएआयकडे, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाकडे, रीतसर नोंदणी मी २०२३ मध्ये केली. खाली दिलेले आकडे आणि अटी त्या वेळच्या आहेत. अर्ज करण्याआधी एफएसएसएआयच्या फॉसकॉस या ऑनलाइन पोर्टलवर ताजी मर्यादा आणि शुल्क पाहून घ्या.

आधी एक गैरसमज दूर करते. "घरातूनच तर करतो, त्याला कशाला परवाना?" असं पुष्कळ जणी म्हणतात. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा आहे आणि त्याखालची परवाना-नोंदणीची नियमावली २०११ ची. त्यात घरगुती म्हणून सूट नाही, लहान म्हणून सवलत आहे. २०२३ मध्ये वार्षिक उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर परवाना लागत नव्हता, नोंदणी पुरत होती. शुल्क वर्षाला १०० रुपये होतं आणि नोंदणी ठराविक वर्षांसाठी मिळायची. उलाढाल म्हणजे एकूण विक्री, नफा नव्हे. महिन्याला लाखाची विक्री झाली की ती मर्यादा गाठली जायची, हातात कितीही थोडे उरोत.

अर्ज फॉसकॉस पोर्टलवर करायचा, नमुना 'अ'. फोटो, सरकारी ओळखपत्र आणि ओळखपत्रावरचा पत्ता स्वयंपाकघराच्या पत्त्याहून वेगळा असेल तर वीजबिल किंवा भाडेकरार. एवढ्यासाठी एजंट काही हजार रुपये मागतात, आणि पैशांपेक्षा मोठी अडचण पुढे येते. बरेच एजंट अर्जात स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल घालतात. मग नूतनीकरणाच्या वेळी ओटीपी त्यांच्याकडे जातो, अधिकाऱ्यांनी काढलेली त्रुटी आपल्याला कळतच नाही आणि मुदतीत उत्तर न गेल्याने अर्ज बाद होतो. भरलेलं शुल्क परत मिळत नाही. अर्ज कोणाकडूनही भरून घ्या, पण मोबाइल, ईमेल आणि पासवर्ड तुमचाच हवा.

खरा विचार करावा लागतो तो व्यवसायाचा प्रकार निवडताना. यादीत घरगुती कँटीन किंवा डबेवाले असा प्रकार आहे. रोज ताजं करून त्याच दिवशी पोचवायच्या जेवणासाठी तो बरोबर आहे. पण चकली, चिवडा, मसाला पाकिटात भरून, त्यावर मुदत टाकून विकला की तुम्ही उत्पादक झालात, आणि तो प्रकारही त्याच अर्जात जोडावा लागतो. फक्त डब्यांचं प्रमाणपत्र घेऊन वाण्याच्या दुकानात मसाल्याची पाकिटं ठेवली तर ती पाकिटं नोंदणीबाहेरची ठरतात. पदार्थांची यादी लिहितानाही हात आखडू नका. वर्षभरात जे जे विकणार ते सगळं लिहा. फक्त दिवाळीपुरतं काम असेल तर हंगामी व्यवसायाचे सुरू-बंद महिने लिहिण्याची सोय नमुन्यात आहे.

नोंदणी जागेला बांधलेली असते हेही ध्यानात ठेवा. दिवाळीत जागा पुरत नाही म्हणून बहिणीच्या घरी तळण लावलं, तर त्या घराची वेगळी नोंदणी हवी.

अर्ज गेल्यावर अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने ७ दिवसांत नोंदणी द्यायची, कारण लिहून नाकारायची किंवा तपासणीची सूचना काढायची असते. तपासणी काढली तर निर्णय ३० दिवसांत. या मुदतीत काहीच कळवलं नाही तर व्यवसाय सुरू करता येतो, पण नंतर अधिकाऱ्यांनी सुचवलेल्या सुधारणा कराव्याच लागतात. प्रमाणपत्रावरचा क्रमांक १४ आकडी असतो. नोंदणीचा क्रमांक २ ने सुरू होतो, परवान्याचा १ ने, आणि त्यापुढचे '१५' हे दोन आकडे महाराष्ट्राचे. कोणी परस्पर काढून दिलेलं प्रमाणपत्र खरं आहे का, हे तो क्रमांक फॉसकॉसवर टाकून लगेच पाहता येतं.

तपासणी होवो न होवो, तयारी नियमावलीच्या अनुसूची ४ च्या पहिल्या भागाप्रमाणे करा. तो लहान व्यावसायिकांसाठीच आहे. भिंतींना पोपडे नकोत, खिडक्यांना जाळ्या हव्यात, कचऱ्याचा डबा झाकणाचा हवा. पाणी पिण्यायोग्य असल्याची तपासणी लागते. नळाला पाणी आलं तरी ते इमारतीच्या टाकीतून येतं, म्हणून नमुना स्वयंपाकघरातल्या नळाचा द्या. काम करणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वर गटातल्या आजारांची लस लागते, आणि त्यात मदतनीस बाईही आल्या. बहुतेकांच्या नजरेतून सुटणारी अट भांड्यांची आहे. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई हवीच. आमटी-कोशिंबिरीतलं आंबट उघड्या पितळेला लागलं की धातू अन्नात उतरतो. कल्हईवाला मिळत नसेल तर सरळ स्टीलची पातेली वापरा.

डब्याचं गरम जेवण ६० अंशांच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली राहिलं पाहिजे. अन्नात टोचून तापमान मोजायचा साधा प्रोब थर्मामीटर घ्या. आमटी झाकून ठेवली म्हणजे गरम आहे, हा अंदाज पावसाळ्यात हमखास चुकतो.

आता लेबल. अडचणी सगळ्यांत जास्त इथे येतात, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त वेळही इथेच द्यायला हवा. २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा. मराठी जोडीला घालता येते, पण फक्त मराठी लेबल चालत नाही. पदार्थाचं नाव, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, पॅकिंगची तारीख, वापरण्याची अंतिम तारीख, साठवण कशी करायची, नाव-पत्ता, एफएसएसएआयचं चिन्ह आणि क्रमांक, आणि शाकाहारी पदार्थाला हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका. मांसाहारी पदार्थाला आता तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण असतो. जुन्या साच्यांमध्ये अजून गोल ठिपकाच असतो, तो काढून टाका.

घटक लिहिताना चिवड्याचं उदाहरण घ्या. पोहे, तेल, शेंगदाणे, डाळं, सुकं खोबरं, मीठ, साखर, हिरवी मिरची, कढीपत्ता, हळद, मोहरी, हिंग. शेंगदाणे ॲलर्जीच्या यादीत आहेत हे सगळ्यांना सुचतं. पण बाजारातला बांधानी हिंग मैद्यात किंवा गव्हाच्या पिठात मळलेला असतो. म्हणजे चिवड्यातही गहू आला आणि भाजणीच्या चकलीतही, भाजणीत गव्हाचा दाणा नसला तरी. हिंगाच्या डबीवरचे घटक वाचा आणि गहू असेल तर ॲलर्जीच्या ओळीत 'शेंगदाणे, गहू' असं लिहा. ग्लूटेन न चालणाऱ्या माणसाच्या तब्येतीचा प्रश्न आहे, ही ओळ गाळू नका.

मुदत अंदाजाने टाकू नका. प्रत्येक बॅचची दोन-चार पाकिटं बाजूला ठेवा आणि ठराविक दिवसांनी एकेक उघडा. चकली दोन तऱ्हांनी जाते. ओल शिरली की सादळते, तेल हवेला लागलं की खवट होते. सादळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कोमट असतानाच पॅकिंग. आत वाफ धरते आणि तेवढं पाणी पुरतं. खवटपणाचं कारण बहुतेक वेळा कढईतलं जुनं तेल असतं. तळणाच्या तेलातली ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे घटक) २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायला बंदी आहे. घरी ते मोजायचं साधन नसतं, म्हणून फेस धरायला लागलं, रंग गडद झाला किंवा लवकर धुरायला लागलं की तेल बदला. जुन्या तेलात नवी भर घालत राहू नका. तळण निथळायला वर्तमानपत्र वापरू नका. २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी त्याला बंदी आहे, शाई तेलात उतरते. जाळीची चाळणी पुरते.

मसाल्याची पूड सुट्टी विकता येत नाही, पाकिटबंदच हवी. आणि पाकीट आलं की वजनमापांचा कायदा आला. पाकिटं भरायला लागल्यापासून ९० दिवसांत वैधमापन विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणी करायची, शुल्क ५०० रुपये. लेबलवर सर्व करांसह एमआरपी, तक्रारीसाठी संपर्क आणि एककाची किंमत लागते. १ किलोच्या आतल्या पाकिटाला ती दर ग्रॅमला लिहायची. २५० ग्रॅम गोडा मसाला २०० रुपयांना असेल तर ग्रॅमला ०.८० रुपये. ऑनलाइन मिळणारा किचनचा छोटा काटा विक्रीला चालत नाही. मान्यताप्राप्त काटा घ्या आणि त्याचं दरवर्षी पासिंग, म्हणजे सरकारी तपासणी आणि शिक्का, करून घ्या. ऑर्डरप्रमाणे करून लगेच पोचवलेल्या डब्याला लेबलचा हा सगळा पसारा लागत नाही, पण बिलावर १४ आकडी क्रमांक हवाच. १ जानेवारी २०२२ पासून ते बंधनकारक आहे.

गॅसचं फार कमी जण सांगतात. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर व्यवसायाला वापरता येत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. खर्च वाढतो, तो सुरुवातीपासून किमतीत धरा. विजेच्या बाबतीत सवलत आहे. महावितरणच्या दररचनेत घराच्या काही भागातून व्यवसाय करणाऱ्याला महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटपर्यंत घरगुती दरच लागतो. डीप फ्रीजर आणि इंडक्शन दोन्ही लावणार असाल तर आधी बेरीज करा.

सोसायटीला लेखी कळवा. एफएसएसएआय नोंदणी दाखवून सोसायटीचे उपविधी बाजूला सारता येत नाहीत. तक्रार बहुधा फोडणीच्या वासाची नसते, जिन्यात थांबणाऱ्या डिलिव्हरीवाल्यांची आणि तुंबलेल्या ड्रेनेजची असते. सिंकखाली तेल अडवणारा ट्रॅप बसवा आणि डबे एका ठरलेल्या वेळेत गेटवर द्या.

प्रमाणपत्र स्वयंपाकघरात दिसेल असं लावा. प्रमाणपत्राला मुदत असेल तर ती संपण्याच्या किमान ३० दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज गेला पाहिजे. नोंदणीधारकाला परवानाधारकासारखं वार्षिक विवरणपत्र भरावं लागत नाही, तरी महिन्याच्या विक्रीची वही ठेवा. उलाढाल नोंदणीच्या मर्यादेजवळ येते आहे हे त्या वहीतूनच कळतं, आणि राज्य परवान्याचा अर्ज मर्यादा ओलांडण्याआधी करावा लागतो.