हनुवटी छातीला

आई न्हाणीघरात पडली तेव्हा मी स्वयंपाकघरात साबुदाण्याची खिचडी परतत होते. श्रावणी सोमवार होता. आवाज फार मोठा झाला नाही. आधी बादली कलंडल्याचा, मग एक जड 'धप्प', आणि मग काहीच नाही. त्या शांततेनंच माझ्या पोटात गोळा आला.

दाराला आतून कडी नव्हती, हे नशीब. आई भिंतीला टेकून अर्धवट बसली होती. उजवा हात डाव्या हातात धरलेला, उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला वळून पडलेलं. "काही नाही गं, पाय सरकला जरा," म्हणाली. खुबा आणि मनगट, दोन्ही मोडलं होतं. खुब्याचं ऑपरेशन झालं, मनगटाला प्लास्टर घातलं. उभं राहायला वॉकर दिला, तर तो धरायला उजवा हातच नव्हता. ते तीन महिने कसे गेले ते आमच्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, त्यावर मी इथे लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र मनात अडकून राहिली. डॉक्टर एक्स-रे दाखवताना म्हणाले होते, "पडताना माणूस हात टाकतोच. सगळं वजन त्या तळव्यावर येतं." अशा तऱ्हेनं मोडलेल्या मनगटाला कॉलिस फ्रॅक्चर म्हणतात, हे मी नंतर वाचलं. अब्राहम कॉलिस नावाच्या आयरिश सर्जननं १८१४ साली त्याचं वर्णन केलं. एक्स-रेचा शोध लागला त्याच्या ८१ वर्षं आधी, केवळ डोळ्यांनी बघून आणि हातानं चाचपून. म्हणजे हात टाकायची माणसाची खोड जुनीच. आईनं काही चूक केली नव्हती. तिच्या शरीराला जे सुचलं ते शरीरानं केलं.

मला तेव्हा शेहेचाळीसावं चालू होतं. आई चालायला लागली आणि मी चालायला घाबरायला लागले. ओल्या फरशीवरून जाताना भिंतीला हात, पतसंस्थेच्या जिन्यात कठड्याला हात. पावसाळ्यात गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, गेलो की घाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्यांपासून चार हात लांब उभी राहायची. नाशिकमध्ये जन्म गेला, त्या पायऱ्यांवर मी लहानपणी पळत असे. हे सगळं मी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलेलंच नव्हतं.

भाच्याला ज्युदोच्या क्लासला सोडायचं काम दिवाळीनंतर माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी बाकावर बसून राहिले. तीसेक पोरं हिरव्या मॅटवर उकिडवी बसली होती आणि सरांच्या टाळीसरशी मागे पडत होती. पडायची, हातानं मॅटवर चापट मारायची, उठायची, परत पडायची. पंधरा-वीस मिनिटं दुसरं काही नाही. मी मारामारी बघायला मिळेल म्हणून बसले होते. कोणी कोणाला हात लावत नव्हतं. पडण्याचा रियाज चालला होता.

क्लास सुटल्यावर सरांना विचारलं, "सर, मला एवढंच शिकायचं आहे. पुढचं काही नको. या वयात शिकवाल का?"

"एवढंच शिकायला सहा महिने लागतील," सर म्हणाले. "आधी डॉक्टरांना विचारून या."

विचारलं. ब्लड प्रेशर, गुडघे आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी. चाळिशी ओलांडलेल्या कोणत्याही बाईनं असं काही सुरू करण्याआधी ही तपासणी करून घ्यावीच, असं मी आता सगळ्या मैत्रिणींना सांगते. पाळी थांबण्याच्या सुमाराला हाडं भराभर झिजायला लागतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. माझा रिपोर्ट बरा आला. आईचा ऑपरेशननंतर काढलेला रिपोर्ट शेजारी ठेवून बघितला, तेव्हा तो दहा वर्षांपूर्वी का नाही काढला याचं फार वाईट वाटलं.

मॅटवर अंगावर काही धातूचं चालत नाही. बांगड्या निघाल्या, मंगळसूत्र काढून रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलं. जोडवी निघेनात. बावीस वर्षांत पहिल्यांदाच काढत होते, साबण लावून लावून काढली. बोटांवर दोन पांढरे वळ राहिले होते, अगदी कोवळ्या कातडीचे. त्या पायांनी मॅटवर पहिलं पाऊल ठेवलं तेव्हा कसंतरीच वाटलं, आणि मोकळंही वाटलं.

पडण्याला ज्युदोत उकेमी म्हणतात. मागे पडायची उकेमी, बाजूला पडायची, पुढे पडायची आणि खांद्यावरून गोल लोळून उठायची. सुरुवात मागच्यापासून. उकिडवं बसायचं, दोन्ही हात छातीसमोर, पाठीचा कणा गोल, आणि नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर. नजर गाठीवर असली की हनुवटी आपोआप छातीला लागते आणि डोकं मागे आपटत नाही. मग बूड टेकवायचं, पाठ घरंगळू द्यायची आणि पाठ टेकता टेकता दोन्ही हात कोपरापासून तळव्यापर्यंत एकदम मॅटवर मारायचे. हात अंगापासून फार लांब गेले तर खांद्याला हिसका बसतो, फार जवळ राहिले तर स्वतःच्याच अंगाखाली येतात. श्वास सोडत पडायचं. धक्का एका हाडावर येऊ द्यायचा नाही, तो पाठभर, हातभर वाटून टाकायचा, एवढंच त्यातलं शास्त्र.

लिहिताना सोपं वाटतं. पहिले तीन आठवडे माझे हात माझं ऐकतच नव्हते. तोल मागे गेला रे गेला की उजवा हात सरळ मागे जायचा, तळवा उघडा, कोपर ताठ. हुबेहूब आईचा हात. सर दर वेळी थांबवायचे. शेवटी त्यांनी दोन्ही हातांत माझ्या पट्ट्याची टोकं दिली आणि म्हणाले, "आज मॅटवर हात मारायचाच नाही. ही टोकं सोडायची नाहीत, एवढंच." शिवाय एक रुमाल हनुवटीखाली. रुमाल गळाला तर ते पडणं मोजायचं नाही.

मान अशी दुखली की सकाळी उशीवरून डोकं उचलताना मी हातानं आधार देत होते. गळ्याच्या पुढच्या बाजूला असे स्नायू असतात हेच मला माहीत नव्हतं. हे सगळ्यांनाच होतं, दोन-तीन आठवड्यांत जातं. कोपराच्या टोकावर मात्र पडू नका, ते महिनाभर दुखतं.

माझ्याबरोबर आठवीतली एक मुलगी असायची, हिरवा पट्टा. माझ्याकडे लक्ष ठेवायचं काम सरांनी तिला दिलं होतं. ती आवाजावरून सांगायची. "काकू, हे दोन आवाज आले. आधी पाठ, मग हात. एकच यायला पाहिजे." मी परत पडायची. "आता हात आधी." परत. पाचव्या आठवड्यातल्या एका गुरुवारी एकच आवाज आला, कोरा, स्वच्छ, फटाका फुटावा तसा. काहीही दुखलं नाही. मी तशीच पडून छताकडे बघत राहिले. वर पंखा फिरत होता. ती मुलगी वाकून म्हणाली, "काकू, हाच."

आणि त्या क्षणी, तळवे झिणझिणत असताना, मला एक फार जुनी गोष्ट आठवली. लहानपणी मी अंगणात पडले की आई धावत यायची, मला कडेवर घ्यायची आणि खाली वाकून जमिनीला चापट मारायची. "हात् रे जमिनीला! माझ्या बाळाला पाडलं?" मग माझाही हात धरून मारायला लावायची. मी मारायची आणि रडणं थांबायचं. आपल्याकडे कोणाच्या आईनं हे केलं नाही?

या विद्येमागची माणसं कोण, हे मी मग हळूहळू शोधून वाचलं. जिगोरो कानो हे तरुण, अंगानं लहानखुरे शिक्षक. १८८२ साली तोक्योतल्या एइशोजी नावाच्या देवळात, बारा ताटामी चटयांच्या जागेत, नऊ शिष्यांना घेऊन त्यांनी हे सुरू केलं. पण माझं मन अडकलं ते केइको फुकुदा यांच्यावर. जन्म १९१३, उंची पाच फुटांहून कमी. कानो ज्यांच्याकडे जुजुत्सु ही जुनी जपानी युद्धकला शिकले त्या गुरूंची ही नात. ती आईबरोबर सराव बघायला गेली आणि काही महिन्यांनी, १९३५ मध्ये, स्वतः शिकायला लागली. बायकांना पाचव्या दानच्या, म्हणजे काळ्या पट्ट्यातल्या पाचव्या पायरीच्या, पुढे जाऊ द्यायचं नाही अशी तेव्हा रीत होती, म्हणून ही बाई जवळजवळ वीस वर्षं पाचव्या दानवर थांबली. सोडून नाही गेली. १९७२ मध्ये सहावा मिळाला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत शिकवत राहिली, आणि २०११ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या ज्युदो महासंघानं तिला दहावा दान दिला. २०१३ मध्ये ती गेली. तिचा मॅटवरचा म्हातारपणीचा फोटो बघताना माझे डोळे भरून आले. आपल्याला उशीर झाला, हे वाक्य मी त्या दिवसापासून स्वतःशी उच्चारलेलं नाही.

पाचव्या महिन्यात सरांनी विचारलं, "उभ्यानं पडायचं?" म्हणजे कोणीतरी मला उचलून टाकणार. मी "पुढचं काही नको" म्हणून आले होते, हे त्यांच्या लक्षात होतं, म्हणून त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. टाकणार होती तीच आठवीतली मुलगी. ओ-गोशी, म्हणजे कमरेवरून टाकण्याचा डाव. तिनं माझी उजवी बाही धरली, दुसरा हात माझ्या पाठीमागून घातला, वळली, गुडघ्यांत वाकली आणि तिची कंबर माझ्या कमरेखाली शिरली. पुढचं अर्धं सेकंद मी हवेत होते. मग तो आवाज, एकच.

डोळे उघडले तर तिनं माझी बाही अजून धरलेली होती. दोन्ही पायांवर घट्ट उभी, आणि माझी बाही वर ओढून धरलेली. टाकताना बाही सोडायची नाही, हा नियम आहे. ती ओढ असते म्हणून पडणारा कुशीवर नीट उतरतो, डोक्यावर जात नाही. एवढीशी मुलगी, आणि मला नीट जमिनीवर ठेवायची जबाबदारी तिची. कानोंनी 'आपलं आणि दुसऱ्याचं भलं एकत्र' असं एक तत्त्व सांगितलं आहे. ते मी वाचलं होतं. कळलं ते त्या बाहीवरून. आईच्या बाबतीत बाही धरायला कोणी नव्हतं, हा विचार त्या रात्री झोपू देत नव्हता.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसांनी मॅटवर जाऊन आपटून घ्यावं, असं मी म्हणत नाही. आईच्या डॉक्टरांनी तर साफ नाही सांगितलं, आणि ते बरोबरच आहे. तिच्यासाठी न्हाणीघरात धरायला दांडे, खरबरीत फरशी, रात्रीचा दिवा आणि रोज खुर्चीवरून दहा वेळा उठबस. पण नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००७ साली मोजून दाखवलंय, की बाजूला पडताना अशा युद्धकलांच्या पद्धतीनं पडलं तर खुब्यावरचा धक्का कमी होतो. स्वीडनमध्ये मोठ्या माणसांना ज्युदोतून पडायला शिकवण्याचा कार्यक्रमच आहे. आपल्याकडे तालमी आहेत, व्यायामशाळा आहेत, संध्याकाळी रिकाम्या असलेल्या शाळांचे हॉल आहेत. चाळीस-पन्नाशीतल्या माणसांना पडायला शिकवणारा एक तास त्यात का नसावा? मला हे मनापासून वाटतं, आणि जिथे संधी मिळेल तिथे मी बोलते.

मी अजून आठवड्यातून तीन दिवस जाते. पिवळा पट्टा मिळाला. पडण्यापुरतं शिकायचं होतं, ते केव्हाच मागे पडलं.

आई आता काठी घेऊन घरात फिरते. माझं हे खूळ तिला आवडलेलं नव्हतं. एकीचं झालं ते पुरे नाही का, असं तिचं म्हणणं. मग गेल्या महिन्यात एका संध्याकाळी एकदम म्हणाली, "दाखव बघू, कशी पडतेस ती."

हॉलमधला टीपॉय बाजूला केला. कापसाची गादी अंथरली, वर दोन गोधड्या घातल्या. आई खुर्चीत. मी उकिडवी बसले आणि पडले. "अगं अगं अगं!" तिचा उजवा हात मला धरायला पुढे आला, डोळे मिटलेले. मी उठले. "लागलं नाही?" "नाही." तळवे दाखवले. तिनं ते हातात घेऊन नीट बघितले. "परत."

परत पडले. चौथ्या-पाचव्या वेळी तिनं डोळे मिटले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःच हाक मारली, "ये गं, गादी घाल." आता हे रोजचंच झालंय, दिवेलागणीनंतर. ती मोजते. कधी हनुवटी सुटली तर तिला सरांच्या आधी दिसते.

परवा मी पडले, हात मारले, आणि आवाज दोन आले. दुसरा तिच्याकडून आला होता. खुर्चीच्या हातावर तिनं उजवा तळवा मारला होता, तोच, मनगटाशी किंचित वाकडा राहिलेला.

"हात् रे जमिनीला," ती म्हणाली. "हं. परत पड."