पोह्यांचा डबा आणि विंच हँडल
आज गेटवेवरून मांडव्याच्या बाजूला सेलिंगला गेलेलो, २४ फुटी बोट, आम्ही चौघं आणि मामा. निघताना पाणी एकदम गुळगुळीत, मामा म्हणाले सगळं बांधून ठेवा, मी मनात म्हटलं कशाला, गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याने डबा सांभाळणारी बाई मी, इथे काय होणारे!

दुपारी वायव्येचा वारा चढला आणि पहिल्याच टॅकला (वाऱ्याच्या समोरून वळताना) बोट अशी कलली की थर्मास, दुर्बीण, कुणाची तरी चप्पल सगळं धाडधाड खालच्या बाजूला, आणि माझ्या डब्याचं झाकण उडून पोहे थेट जिबच्या, म्हणजे पुढच्या शिडाच्या, दोरात. दोर विंचवर (दोर ताणायची चक्री) ओढताना शेंगदाणे उडत होते, खोटं नाही सांगत. विंच हँडल, ती चक्री फिरवायचा दांडा, मी सीटवरच ठेवलेलं, ते घरंगळलं आणि डुबुक. धातूचं ते, तरंगतंय कुठे!

मामा ओरडले नाहीत, फक्त "ताई, सकाळी काय बोललेलो?" (यापेक्षा ओरडले असते तर बरं)

मग परत येताना त्यांनीच लावून दाखवलं. जड सामान खाली, मधोमध, बाटल्यांच्या फटीत टॉवेल कोंबलेले म्हणजे खडखड पण नाही, बोटहुक (आकडा लावलेली लांब काठी) दोन ठिकाणी बांधलेला, लॉकरला कडी, आणि लाइफजॅकेट सगळ्यात वर, ते सामानाखाली गाडायचं नाही म्हणजे नाही. हँडलचं काम झालं की लगेच ते बोटीवरच्या हँडलच्याच खिशात.

नवीन हँडल माझ्याकडून. किंमत विचारली आत्ता, तेव्हापासून गप्प बसलेय 😭