मागे दोन कार सीट, मग आजी कुठे बसणार?

गाडी घ्यायची चर्चा निघाली की डिकी, मायलेज, सनरूफ सगळं बोलून होतं, पण मागे मुलांच्या दोन सीट लावल्यावर मध्ये माणूस मावेल का हे कोणी विचारतच नाही, आणि खरा घोळ तिथेच आहे. मग कोणीतरी म्हणतंच, जवळच तर जायचंय, धाकट्याला घे मांडीवर.

मांडी माझ्या हिशोबातच नाही. ताशी ५० किमीने गाडी धडकली की सेकंदाच्या दहाव्या भागात सगळं थांबतं, १० किलोचं बाळ त्या क्षणाला दोनतीनशे किलोच्या ओझ्यासारखं ओढलं जातं, कितीही घट्ट धरा हात सुटणारच. आणि पुढच्या सीटवर एअरबॅग चालू ठेवून मागे तोंडाची सीट (बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला राहतं ती) लावणं तर कधीच नाही, एअरबॅग उघडली की थेट त्या सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते. या दोन गोष्टींवर घरात कोणी कितीही तोंड वाकडं करो, मी ऐकत नाही.

बाकी बाबतीत मी बऱ्यापैकी सैल आहे. मागची मधली जागा दोन्ही दारांपासून लांब म्हणून सगळ्यात सुरक्षित, मान्य, पण बऱ्याच गाड्यांत तिथे आयसोफिक्स (कार सीट थेट गाडीला अडकवायचे हुक) नसतं आणि गादीला उंचवटा असतो, त्यापेक्षा कडेला घट्ट बसलेली सीट बरी. बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवून बघायची, इंचभरापेक्षा जास्त हलली की परत बसवायची. महागातली सीट आणली आणि ती रोज डुगडुगतेय तर काय कामाची!

मागे तोंड करून किती दिवस बसवायचं यावर आमची वादावादी चालूच असते. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड, मान नाजूक, तसं बसवलं की समोरच्या धडकेचा जोर अख्ख्या पाठीवर पसरतो. मुलांच्या कार सीटसाठीच्या युरोपातल्या आय-साइझ नियमात किमान १५ महिने सांगितलेत, स्वीडनमध्ये तर चारेक वर्षांपर्यंत तसंच बसवायचा सल्ला देतात (तिथेच बर्टिल आल्डमन या संशोधकाने १९६०च्या दशकात अंतराळवीरांच्या आसनांवरून ही कल्पना घेतली होती). पाय दुमडतात म्हणून लोक घाबरतात, पण मोडलेला पाय जुळतो, मानेचं तसं नसतं. फक्त ही सीट जागा खूप खाते, पुढच्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात, म्हणून ती बुटक्या माणसाच्या मागे आणि उंच माणसाच्या मागे मोठ्या मुलाचं बूस्टर, म्हणजे गाडीचा पट्टा नीट बसावा म्हणून त्याला उंच करणारी बैठक.

त्यामुळे आजी पुढे, मी मध्ये अंग चोरून. मोठ्याला आता बूस्टर नकोय, पण त्याशिवाय पट्टा अजून मानेला घासतो आणि खालचा पोटावर येतो, तो कमरेच्या हाडावर बसेपर्यंत, म्हणजे साधारण दीडशे सेंमी उंची होईपर्यंत, रुसू दे.