बदामीचा तो शनिवार, दोर बॅगेतच राहिले तेव्हाचा

मी पुण्यात एका क्लाइंबिंग वॉलवर कोच आहे आणि हिवाळ्यात आउटडोअर बॅच घेऊन जायचं कामही माझ्याकडेच असतं, म्हणजे गाडी, लॉज, जेवण, फॉर्म, गिअर, घरच्यांचे फोन सगळंच. या सगळ्यात बदामीची ट्रिप माझी सगळ्यात आवडती आणि प्लॅन करायला सगळ्यात किचकट. लोकांना वाटतं तारीख ठरवायची, ट्रॅव्हलर बुक करायची आणि निघायचं, तसं नसतं ते.

ज्यांनी बदामी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात, दोन लालभडक डोंगरांच्या मधल्या घळीत गाव वसलंय, मध्ये अगस्त्य तलाव, एका बाजूच्या कड्यात चालुक्यांची लेणी आणि समोरच्या डोंगरावर किल्ला. म्युझियमच्या मागून किल्ल्यावर जाताना वाट अक्षरशः दोन उभ्या भिंतींच्या फटीतून जाते, वर बघितलं की आकाशाची पट्टी दिसते फक्त. हा सगळा दगड म्हणजे सँडस्टोन, वाळूचा दगड. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, लाव्हा थंड होऊन झालेला, आणि हा वाळूचे थरावर थर दाबले जाऊन झालेला, वयाने सह्याद्रीपेक्षा कितीतरी जुना. जवळ जाऊन बघितलं तर दगडात तिरक्या रेघा दिसतात, पाण्याने वाळू वाहून आणून टाकली होती त्याच्या खुणा आहेत त्या. क्लाइंबिंगला हा दगड काय मस्त आहे हे शब्दात सांगणं अवघड आहे, आडव्या फटी, बोटं नीट बसतील असे काठ, शूजला भरपूर ग्रिप आणि बोल्ट मारलेले रूट्स, म्हणजे दोर अडकवायला दगडात पक्के खिळे ठोकलेल्या चढायच्या वाटा, सोप्यापासून ते पार वरच्या ग्रेडपर्यंत, म्हणजे अवघडपणाच्या श्रेणीपर्यंत. आपल्या पुण्याचा क्लाइंबर तुहिन सातारकर याने जो 'गणेशा' नावाचा रूट केला, ८बी+ चा, म्हणजे फारच अवघड ग्रेडचा, तो इथलाच.

तर प्लॅनिंग. पहिली गोष्ट सीझन, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्याच्या बाहेर ऊन सहन होत नाही. दुसरी गोष्ट कॅलेंडर आणि ही बाहेरून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. बदामीपासून पाचेक किलोमीटरवर बनशंकरी आहे, आपल्याकडच्या किती तरी घरांची कुलदेवी, आणि पौष पौर्णिमेला तिची मोठी जत्रा भरते, त्या दिवसांत लॉज मिळणं मुश्कील आणि रस्त्याला पाय ठेवायला जागा नाही. त्यामुळे आधी पंचांग बघायचं मग लाँग वीकेंड. एक मात्र आहे, बनशंकरीमुळे माझी कामं सोपीही होतात. घरून परवानगी मिळत नसलेल्या एका मुलीच्या आजीला मी फोनवर सांगितलं की आपण देवीचं दर्शन घेणारच आहोत, तर आजी म्हणाल्या मग ओटीचं सामान देते, आणि विषय संपला!

तिसरी गोष्ट ऊन-सावली. कुठली भिंत किती वाजता सावलीत येते याचा माझा कागद आहे, सकाळी कुठे, दुपारी कुठे, मधल्या भाजणाऱ्या वेळात जेवण कुठे. चौथी गोष्ट आग्या मोहोळ. कड्याच्या पोटात मोठमोठी पोळी असतात आणि दरवर्षी जागा बदलते, म्हणून मी बॅचच्या आधी एकदा जाऊन दुर्बिणीने बघून येते आणि जिथे पोळं त्याच्या आसपासचे रूट्स सरळ काट मारते. लेणी आणि देवळं पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिकडे दोर लावायचा विचारही करायचा नाही. साठ मीटरचे दोर, शेवटाला गाठ, हेल्मेट खाली उभं राहणाऱ्यालाही, वानरांपासून डबे वाचवायला झाकणाची पिंपं, हे ठरलेलं.

आणि पाचवी गोष्ट, जी मी फॉर्मवर मोठ्या अक्षरात लिहिते, की एक दिवस हवेसाठी राखीव आहे. पाऊस झाला तर त्या दिवशी क्लाइंबिंग होणार नाही आणि त्याचे पैसे परत मिळणार नाहीत. सगळे सही करतात, वाचत कोणीच नाही.

त्या डिसेंबरला आम्ही गुरुवारी रात्री निघालो, शुक्रवार भन्नाट गेला. बॅचमध्ये बँकेत काम करणाऱ्या एक मॅडम होत्या, पन्नाशीच्या पुढच्या, वॉलवर वर्षभर न चुकता येणाऱ्या. त्यांचं एकच ठरलं होतं की खऱ्या दगडावर एक तरी रूट लीड करायचा, म्हणजे वरून दोर नाही, स्वतः एकेक बोल्टला क्लिप करत जायचं. शुक्रवारी त्यांनी टॉप रोपवर, म्हणजे वरून दोर लावून, ठरवलेला सिक्स ए ग्रेडचा रूट दोनदा केला, प्रत्येक होल्ड, म्हणजे हात-पाय ठेवायची जागा, पाठ केला, शनिवारी सकाळी लीड असं ठरलं. रात्री जेवताना हाताने हवेत मूव्ह करून दाखवत होत्या. रोटी, एण्णेगाई म्हणजे तिकडची भरली वांगी, शेंगा चटणी समोर गार होत होतं आणि या आपल्या डावा हात इथे, उजवा पाय तिथे.

मध्यरात्रीनंतर पाऊस आला. बंगालच्या उपसागरात काहीतरी तयार झालं होतं, ढगाळ हवामान असं चार दिवस आधीपासून दाखवत होते पण पाऊस दाखवत नव्हते. आणि आला तो झिमझिम नाही, चांगला तास-दीड तास लॉजच्या पत्र्यावर बडवत होता. मी उठून बाहेर व्हरांड्यात उभी राहिले, शेजारच्या खोलीतून मॅडमही आल्या, काही बोललो नाही आम्ही.

आता गंमत अशी की सकाळी आकाश धुऊन निघाल्यासारखं निळं. ऊन पडलं, वारा सुटला, नऊ-साडेनऊपर्यंत टेंपल एरियातली, म्हणजे आमच्या चढायच्या भागातली, भिंत बघून कोणीही म्हणालं असतं की इथे पाऊस पडलाच नाही. सगळे हार्नेस घालून तयार. "ताई, सुकलंय की सगळं!"

मी रूटच्या खाली गुडघ्यावर बसले आणि माती उकरली. वरचा थर कोरडा, भुरभुरीत, त्याखाली बोटाच्या दोन पेरांवर माती गडद आणि मुठीत धरली तर गोळा होत होता. मग भिंतीच्या खालच्या भागात, जिथे कोणी चढत नाही अशा जागी, अंगठा दाबून घासला. कोरड्या दिवशी तिथे काही निघत नाही. त्या दिवशी अंगठ्याला वाळूचे कण चिकटून आले, लालसर, मीठ चिकटावं तसे. सगळ्यांना एकेक करून तिथे अंगठा लावायला सांगितला, म्हटलं माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा.

कारण असं आहे की सँडस्टोनमध्ये वाळूचे कण एकमेकांना धरून असतात ते मधल्या सिमेंटने, कुठे सिलिका, कुठे लोह, कुठे चिकणमाती, आणि कणांच्या मध्ये बारीक पोकळ्या असतात. पाणी त्या पोकळ्यांत शिरतं आणि ती पकड ढिली करतं, काही सँडस्टोनची ताकद ओला असताना निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. पृष्ठभाग वाऱ्याने तासाभरात सुकतो, आतलं पाणी बाहेर यायला एक दिवस लागतो, कधी दोन-तीन. बेसॉल्टवर आपण पाऊस थांबला की पुसून चढतो, ती सवय इथे चालत नाही. हो, बदामीचा दगड सँडस्टोनमध्ये टणक समजला जातो हे मला माहितीये, हाच मुद्दा बॅचमधल्या एका मुलाने काढला आणि मुद्दा बरोबर होता. पण टणक भिंतीवरही पातळ पापुद्रे असतात, ज्यांच्यावर आपण बोटं ठेवतो ते नेमके तेच, आणि कुठला पापुद्रा आतून किती ओला आहे हे बाहेरून कोणालाच दिसत नाही. होल्ड तुटला तर चढणारा पडेल, खालच्याच्या डोक्यावर दगड येईल, हे झालंच, पण तो होल्ड परत येत नाही. तो रूट कायमचा बदलतो, आपल्यानंतर येणाऱ्या प्रत्येकासाठी. कोट्यवधी वर्षं टिकलेली गोष्ट आपल्या सुट्टीत बसत नाही म्हणून आपण मोडायची हे मला पटत नाही, कधीच पटणार नाही.

अवघड पुढेच होतं. तेवढ्यात दुसऱ्या शहरातून आलेला एक ग्रुप आला, आमच्यापासून थोड्या अंतरावर दोर काढले आणि चढायला लागले. चांगले चढणारे होते. आणि त्यांना काही झालं नाही. एकही होल्ड तुटला नाही, एकही दगड खाली आला नाही, माझी बॅच हार्नेस घालून बसून बघत होती. आयटीतला एक जण शांतपणे म्हणाला, "ताई, ते पण माणसंच आहेत ना?" मी त्या ग्रुपच्या लीडरकडे जाऊन माती दाखवली, त्याने ऐकून घेतलं, आभार मानले आणि म्हणाला आमची आज रात्रीची ट्रेन आहे.

त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यात बसलंय. त्याला दगड कळत नव्हता असं मुळीच नाही. त्याच्या प्लॅनमध्ये दुसरा दिवसच नव्हता! भिंतीखाली, ऊन पडलेलं असताना, पैसे भरलेली माणसं तयार असताना नाही म्हणायचं तर त्याची सोय पुण्यात बसून, तारीख ठरवतानाच करावी लागते. तिथे उभं राहून शहाणपण सुचत नाही, कोणालाच, मलाही सुचलं नसतं जर माझ्याकडे रविवार नसता.

पुण्याहून वॉलच्या ऑफिसातून फोन आला, लोक कुरकुर करतील, बघ काहीतरी. म्हटलं बघते, आणि हार्नेस काढायला सांगितले.

मग तो दिवस आम्ही वाया घालवला नाही. लॉजच्या आवारातल्या कडुलिंबाला डोक्याच्या उंचीवर दोन रिंगांचा अँकर बांधला आणि सगळ्यांना अँकर क्लीनिंग, म्हणजे टोकाला पोचल्यावर आपलं सामान काढून खाली उतरायची तयारी, करायला लावलं, पुन्हा पुन्हा. स्पोर्ट क्लाइंबिंगमध्ये रूटच्या टोकाला जाऊन दोर रिंगमधून ओवून घेताना एक क्षण असा असतो की तुम्ही मूळ गाठ सोडलेली असते, आणि अपघात तिथे होतात, थकलेले असताना, वरून खालचं ऐकू येत नसताना. स्लिंगने, म्हणजे पट्टीच्या फासाने, स्वतःला अडकव, दोराचा दुहेरी वळसा रिंगमधून काढ, त्यावर एट, म्हणजे आठच्या आकाराची गाठ, मार, स्क्रूने बंद होणाऱ्या लॉकिंग कॅरॅबिनरने हार्नेसच्या पुढच्या बिले लूपला लाव, स्क्रू फिरव, आता जुनी गाठ सोड, दोर ओढून घे, वजन दोरावर टाकून बघ, आणि मगच स्लिंग काढ. मॅडमनी शेवटी डोळे मिटून केलं, बोटं गाठीवरून फिरवत, तोंडाने पुटपुटत. लॉजचे मालक खुर्ची टाकून बघत बसले होते.

दुपारी भूतनाथाच्या देवळाकडे गेलो. रात्रीच्या पावसाने मागच्या कड्यावरून अक्का-तंगीचे धबधबे डिसेंबरमध्ये वाहत होते, बारीकच, पण वाहत होते. जो ग्रुपमध्ये सगळ्यात नाराज होता त्याला मी मुद्दाम ते दाखवलं, हे पाणी वरच्या पठारावरून अजून येतंय, ते दगडात आहे. तिथून कप्पे अरभट्टाचा शिलालेख बघायला गेलो, तलावाच्या ईशान्येला कड्यावर कोरलेला, साधारण सातव्या शतकातला, कन्नड त्रिपदी, म्हणजे तीन ओळींच्या छंदातला. आमचे रिक्षावाले अण्णा बरोबर होते, त्यांनी तो तोंडपाठ म्हणून दाखवला आणि अर्थ सांगितला की हा माणूस चांगल्याशी चांगला, गोडाशी गोड आणि त्रास देणाऱ्याला कर्दनकाळ. संध्याकाळी तिसऱ्या लेण्यात गेलो, तिथला मंगलेशाचा लेख शके ५०० चा, म्हणजे इ.स. ५७८, आणि व्हरांड्यातली शिल्पं इतकी रेखीव की दागिन्यांचे मणी मोजता येतील. तोच दगड आहे, पण छपराखाली, पावसापासून लांब. कोणी काही बोललं नाही पण तिथे दोघांनी आपापला अंगठा खांबाकडे न्यायच्या आधीच मागे घेतलेला मी पाहिला.

रविवारी उजाडताच मी एकटी जाऊन माती उकरली. कोरडी, खोलवर कोरडी, मुठीत धरली की बोटांतून गळून जात होती. अंगठ्याला काही लागलं नाही. तरीही मी खालचे सपाट रूट्स सोडले आणि वरून पुढे आलेली, छपरासारखी भिंत निवडली, नशिबाने मॅडमचा रूट त्यातच होता. आधी मी चढून प्रत्येक मोठा होल्ड ठोके मारून ऐकला, पोकळ वाजतोय का. वाजला नाही.

मॅडम चौथ्या बोल्टला अडकल्या. डावा हात फटीत, उजव्या हातात दोर, क्लिप जमेना, पाय थरथरायला लागला. खालून सगळे गप्प. त्यांनी दोर सोडला, हात खाली झटकला, हाताला चॉकची पावडर लावली, एक श्वास, पाय एक इंच वर सरकवला आणि क्लिप झाली, टक् असा आवाज खालपर्यंत आला. पुढचं त्यांनी पळतच केलं. वर रिंगपाशी पोचल्यावर मात्र घाई नाही, पुटपुटणं आम्हाला खालून दिसत होतं, गाठ, स्क्रू, ओढून बघणं, सगळं कडुलिंबाखालचं. खाली उतरल्यावर पहिलं वाक्य, "पुढच्या वर्षी कधी आहे?"

आयटीतल्याने रविवारी चांगलं क्लाइंबिंग केलं आणि पुण्यात आल्यावर शनिवारचे पैसे परत मागितले. मी त्याला सही केलेला फॉर्म पाठवला, तो म्हणाला नियम मान्य आहे पण पटलेलं नाही, त्या ग्रुपला काही झालं नव्हतं. त्याचं म्हणणं मी समजू शकते, काहीच न घडलेल्या दिवसाचा पुरावा मी कुठून आणू? तो या वर्षी आलेला नाही.

या वर्षीची बॅच जत्रा उरकल्यावरची ठेवलीये आणि राखीव दिवस एकाऐवजी दोन केलेत. खर्च वाढतो, दोन नावं त्यामुळे कमी झाली, वरून थोडी ओरडही झाली. मॅडमचं नाव यादीत पहिलं आहे.