वायनरी टूरची गाडी आणि ते लाल बटण – माझा अनुभव

द्राक्षाचा सीझन जानेवारी ते मार्च, आणि माझी गाडी रस्त्यावर आली १८ फेब्रुवारीला. अर्धा सीझन मी आरटीओबाहेरच्या टपरीवर चहा पीत घालवला, हप्ता मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला बरोब्बर कापला गेला. अजून ते आठवलं की डोकं फिरतं, म्हणून लिहून टाकतोय, कुणाच्या तरी कामाला येईल.

धंदा साधा आहे. नाशिकला वायनऱ्यांची कमी नाही, गंगापूर धरणाकडे सुला, सोमा, दिंडोरीला शांदों, इगतपुरीच्या बाजूला ग्रोव्हर झाम्पा. मुंबई-पुण्याची मंडळी येतात, टेस्टिंग करतात, मग परत गाडी चालवायची कुणी हा प्रश्न. बरेच जण घरच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीत पैसे घेऊन नेतात. मी पण तोच विचार करत होतो, पण ते विनापरमिट धरतात, कलम १९२अ, दंड दहा हजार आणि कैदेची पण तरतूद आहे. आणि अपघात झाला तर विमा कंपनी आधी विचारणार, भाड्याने नेत होता का? म्हणून पिवळी पाटी, परमिट, पासिंग (म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी), पॅसेंजरचा कमर्शियल विमा, सगळं रीतसर करायचं ठरवलं. अण्णा म्हणाले, "कर, पण नवी गाडी घे." ऐकलं नाही.

सेकंडहँड ट्रॅव्हलर घेतली, दुसऱ्या जिल्ह्यातली, टुरिस्टलाच चाललेली. एनओसी, ट्रान्सफर, ते २८-२९-३० नंबरचे फॉर्म, सगळं वेळेत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फिटनेस संपत आलेलं म्हणून पासिंगला लावली. ब्रेक झाले, लाइट झाले, रिफ्लेक्टर टेप, फर्स्ट एडची पेटी, आगीचा सिलिंडर, सगळं ओके. तपासणीचे आरटीओ साहेब आत चढले, सीटशेजारचं लाल बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं, अंगठ्याने जरा दाबूनच धरलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे मेलेलं आहे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी झालेल्या प्रवासी गाड्यांना व्हीएलटीडी लागतं, म्हणजे गाडी कुठे आहे ते कळवणारं यंत्र (सगळे जीपीएसच म्हणतात) आणि त्याला जोडलेलं हे इमर्जन्सी बटण. आत सिम असतं, त्याला मुदत असते, आणि आधीच्या मालकाने ती संपल्यावर भरलीच नव्हती. मला वाटलं रिचार्ज मारू, संपलं. यंत्रावरच्या स्टिकरच्या नंबरला फोन केला तर नंबर अस्तित्वात नाही. ज्या डीलरने बसवलं होतं त्याच्या गावाला गेलो तर तिथे आता मोबाइल कव्हरचं दुकान.

मग दुसऱ्या कंपनीचं नवीन यंत्र घेतलं. फिटर आला, डॅशबोर्ड उघडला, हिरवा लाइट लागला, मी पेढे आणायच्या तयारीत, आणि ऑनलाइन चढवताना एरर. या चेसिस नंबरवर आधीच एक यंत्र नोंदलेलं आहे. म्हणजे गाडीत जे मेलंय ते सिस्टीममध्ये जिवंत, आणि ते उतरल्याशिवाय नवीन चढत नाही. खिडकीवर विचारलं. "ते आमच्या हातात नाही हो दादा, ज्या कंपनीने टॅग केलंय तिनेच काढायचं." कंपनीला मेल केला, तक्रार नोंदवली असं उत्तर आलं, दर वेळी तेच उत्तर. शेवटी एकदाचा कुणीतरी फोन उचलला तर म्हणे ओटीपी लागेल, आणि तो जाणार आधीच्या मालकाच्या मोबाइलवर, कारण यंत्राच्या नोंदीत नंबर त्यांचा. ते आधीचे मालक, म्हणजे काका, देवदर्शनाला गेलेले, रेंज नाही. "काका, ओटीपी आला का?" "आला होता रे, गेला." असं तीन वेळा!

असे २३ दिवस. त्यात दोन बुकिंगं परत केली, एक तर आयटीवाल्या बाराजणांचं, ॲडव्हान्ससकट.

सुटलं कसं ते ऐका. टपरीवरच एक स्कूलबसवाले भेटले, त्यांच्या गाडीत त्याच कंपनीचं यंत्र. त्यांनी वेगळ्याच जिल्ह्यातल्या वितरकाचा नंबर दिला. आरसी, जुन्या यंत्राच्या आयएमईआय नंबरचा फोटो आणि पासिंगच्या वेळचा बटण बंद असल्याचा शेरा एवढं पाठवलं, काकांना घरीच बसवून ठेवलं होतं, आणि दहा मिनिटांत काम झालं. दहा मिनिटांचं काम! हसावं की रडावं कळेना. दुसऱ्या दिवशी बटण दाबल्यावर साहेब पण हसले.

तर जुनी गाडी घेताना टोकन द्यायच्या आधी विक्रेत्यासमोर ते बटण दाबून बघा, सिमची मुदत विचारा, आणि यंत्राच्या नोंदीत मोबाइल कुणाचा आहे ते बघा. टायर नंतर बघा.

अरे हो, सीटचं राहिलंच, आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. मी १७ सीटर घेणार होतो. पण कॉन्ट्रॅक्ट कॅरेजच्या परमिटवर अख्खी गाडी एका पार्टीला द्यायची असते, वाटेत बाहेरचे पॅसेंजर घेता येत नाहीत. माणशी वेगळं भाडं घ्यायची सूट कायद्यात मोटर कॅब आणि मॅक्सी कॅबला आहे, आणि मॅक्सी कॅब म्हणजे ड्रायव्हर सोडून जास्तीत जास्त बारा. वायनरी टूर जोडप्या-जोडप्यानेच विकली जाते, म्हणून मी १२ अधिक १ घेतली. माझा एवढा एकच निर्णय बरोबर निघाला. इलेक्ट्रिक गाडी घेणार असाल तर २०१८ पासून परमिटच माफ आहे, फिटनेस आणि विमा मात्र लागतोच.

गिऱ्हाइकांचं पण थोडं. २१ पूर्ण नसेल तर टेस्टिंग नाही, आधार कार्ड आणायला बुकिंगलाच सांगा. २ ऑक्टोबरला ड्राय डे, तेव्हा लाँग वीकेंड बघून उड्या मारू नका. सुरतची पार्टी बाटल्या घेऊन सापुताऱ्यामार्गे सोडा म्हणाली तर सरळ नाही म्हणा, पलीकडे दारूबंदी आहे आणि गाडी तुमची अडकेल. ड्रायव्हरला "एक घोट घे रे" म्हणणारे प्रत्येक ट्रिपला भेटतात, माझा ड्रायव्हर माळकरी आहे, ती चिंता मिटली.

पहिल्याच ट्रिपला मागून एका काकूंनी विचारलं, "एसी याच्यानेच वाढतो का?" आरशात बघितलं तर बोट लाल बटणावर. आता प्रत्येक बटणाखाली मराठीत चिठ्ठी चिकटवलीय, आणि सिमची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलीय.