फोनवर ऐकू येणारं मशीन

सकाळी आठलाच गाडी भरून झाली होती. पाच प्लायचे, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याचे बाराशे खोके, वीस-वीसचे साठ गठ्ठे, वर ताडपत्री, दोरी आवळलेली. ड्रायव्हर चलन मागायला केबिनमध्ये आला तेव्हा मी म्हटलं, "थांबा. मी सांगेपर्यंत गाडी हलवायची नाही." आमचे सुपरवायझर दारातच उभे होते. त्यांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि काही न बोलता आत निघून गेले.

माझा पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे. पुठ्ठ्याला पन्हळ पाडणारं एकच मशीन, बावीस माणसं, आणि साठ टक्के माल एकाच गिऱ्हाइकाला. ती कंपनी पाण्याचे पंप बनवते. खोका घडी घालून गेला तरी जागा खातो, म्हणून त्याचा मोठा साठा कोणीच करत नाही. या कंपनीकडे तर जेमतेम दीड दिवस पुरेल एवढाच असतो. त्या दिवशी महिनाअखेर होती, त्यांची लाइन जोरात चालणार होती आणि दुपारपर्यंत त्यांचे खोके संपणार होते. हे सगळं मला ठाऊक होतं. त्याच जोरावर मी गाडी अडवून बसले होते.

हे धाडस आलं पुस्तकांतून. आधीचे तीन महिने मी सत्ता, डावपेच, रणनीती याशिवाय दुसरं काही वाचलंच नव्हतं. उधारीने पिचलेल्या माणसाला ही पुस्तकं फार गोड लागतात. दिवसभर "साहेब, तेवढं पेमेंटचं बघा ना" म्हणत फिरायचं आणि रात्री अंथरुणात पडून राजाने काय करावं ते वाचायचं. रॉबर्ट ग्रीनचं १९९८ सालचं 'द ४८ लॉज ऑफ पॉवर' तर मी पेन्सिल घेऊन वाचलं होतं. त्यातले चार नियम एका कागदावर लिहून ड्रॉवरच्या आतल्या बाजूला चिकटवले होते, हे आज सांगताना लाज वाटते. तिसरा: हेतू लपवून ठेवा. चौथा: गरजेपेक्षा कमीच बोला. अकरावा: लोकांना आपल्यावर अवलंबून ठेवायला शिका. पंधरावा: शत्रूला पुरतं चिरडा.

त्यातला चौथा खरोखर कामी आला होता, ते आधी सांगते. पेपर मिलचा माणूस भाववाढ घेऊन आला होता. मी गप्प बसले. खरं तर काय बोलावं हेच मला सुचत नव्हतं. पण समोरच्याला माझी शांतता जड झाली आणि त्याने आपणहून वाढ निम्म्यावर आणली. दुसरा उपयोग पंपवाल्यांच्या खरेदीप्रमुखांच्या खोलीत झाला. ते मला नेहमी पाऊण तास बाहेर बसवायचे, आणि आत गेलं की टेबलावर दुसऱ्या कोणाच्या तरी कोटेशनची फाइल अर्धवट उघडी असायची. पूर्वी ती पाहून मला घाम फुटायचा. पुस्तकं वाचल्यावर लक्षात आलं की ती फाइल माझ्यासाठीच उघडी ठेवलेली असते. त्यानंतर घाम फुटायचा बंद झाला. आपल्यावर चाललेला डाव ओळखायला ही पुस्तकं उपयोगी पडतात, याबद्दल मला आजही शंका नाही.

घोटाळा झाला तो मी स्वतः डाव टाकायला गेले तेव्हा.

त्या आठवड्यात मेल आली होती. दोनच ओळी. तुमच्याकडे असलेल्या आमच्या सर्व डाय आणि छपाईच्या ब्लॉकची यादी द्यावी, आणि ते शनिवारपर्यंत तपासणीसाठी पाठवावेत. खोक्याच्या आकाराची पोलादी पाती प्लायवूडमध्ये ठोकलेली असतात, ती डाय. त्यावरची छपाई रबरी ब्लॉकने होते. दोन्हीचे पैसे गिऱ्हाईक देतं, पण वस्तू राहतात आमच्या रॅकवर. गिऱ्हाईक त्या मागायला लागलं की आमच्या धंद्यात त्याचा एकच अर्थ काढतात: काम दुसरीकडे चाललं. त्यातच त्यांच्या स्टोअरकीपर काकांनी आठ दिवसांपूर्वी माझ्या कानावर घातलं होतं, "मॅडम, दुसऱ्या एकाचे नमुने येऊन पडलेत इकडे." ठरलेली उधारी साठ दिवसांची, त्या महिन्यात ती सत्त्याण्णववर गेली होती. माझ्या डोक्यात चित्र पूर्ण झालं. पैसे बुडवून, डाय काढून घेऊन, हे लोक मला सोडणार.

मी मेलला उत्तर दिलं नाही (हेतू लपवा). डाय आणि ब्लॉक केबिनमध्ये आणून कपाटात घातले आणि सुपरवायझरकडची किल्ली मागून घेतली. किल्ली देताना ते एवढंच म्हणाले, "ताई, डाय त्यांच्याच आहेत ना?" मी उत्तर दिलं नाही (कमी बोला).

दहा वाजता स्टोअरकीपर काकांचा फोन आला. गाडी निघाली का? मी म्हटलं, मशीन बंद पडलंय, बघते. साडेअकराला खरेदी विभागातल्या मुलाचा आला. त्यालाही तेच, "बघते." पावणेबाराला त्यांची लाइन थांबली. बाराला खुद्द खरेदीप्रमुखांचा फोन. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला आपणहून फोन केला होता. मी म्हटलं, "थकलेल्या बिलांचं बघा, मग मीही बघते," आणि ठेवून दिला. हात थरथरत होता, पण मजा येत होती, खोटं कशाला बोलू. एकला दहा कमी असताना बँकेचा मेसेज आला. तीन थकीत बिलं एकदम जमा! ड्रॉवर उघडून मी तो कागद पुन्हा वाचला. चारपैकी तीन नियम एका सकाळीत लागू पडले होते.

दीड वाजता स्टोअरकीपर काका स्वतः मोटरसायकलवरून आले. साठीला टेकलेला माणूस, घामाघूम. आल्या आल्या ताडपत्रीवर हात ठेवला, मग केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. मी बसायला सांगितलं, बसले नाहीत.

"मॅडम, फोनवर तुमचं मशीन ऐकू येत होतं."

आमचं मशीन चालू असलं की खडखडाट असा असतो की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. वर्षानुवर्षं ऐकून माझ्या कानाला तो ऐकूच येत नाही. मी 'मशीन बंद आहे' म्हणत होते आणि माझ्या पाठीमागे ते धडधडत होतं. काकांना पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. तरी त्यांनी वरच्यांना 'मशीन बंद आहे' असंच सांगितलं होतं. मला सांभाळून घ्यायला. नंतर खरेदीप्रमुखांनी माझ्या तोंडचं बिलांचं वाक्य सगळ्यांसमोर सांगितलं आणि काका खोटे पडले. लाइन उभी, साठ्याची जबाबदारी त्यांची, म्हणून मेमो त्यांच्या नावाने निघाला होता. निवृत्तीला दीड वर्ष उरलेल्या माणसाला.

मॅकियाव्हेली या पाचशे वर्षांपूर्वीच्या इटालियन मुत्सद्द्याने 'द प्रिन्स'च्या सतराव्या प्रकरणात लिहिलंय की राजाने धाक ठेवावा, पण लोकांचा द्वेष ओढवून घेऊ नये. आणि माणूस बाप मेल्याचं एक वेळ विसरतो, वडिलोपार्जित मिळकत गेल्याचं विसरत नाही. हे वाक्य मी खरेदीप्रमुखांच्या संदर्भात अधोरेखित केलं होतं: माझे पैसे अडकवणारा माणूस. काका दारात उभे असताना ते मलाच येऊन लागलं.

मग त्यांनी उरलेलं सांगितलं. डाय मागवल्या होत्या त्या वार्षिक मोजणीसाठी. मेल सगळ्याच पुरवठादारांना गेली होती. दुसरा पुरवठादार मात्र खराच येऊ घातला होता. त्यांच्या ऑडिटरने शेरा मारला होता की खोक्यांसाठी कंपनी एकाच पुरवठादारावर, त्याच्या एकाच मशीनवर अवलंबून आहे, हा धोका आहे. त्यावर बैठक झाली होती आणि तिथे एका माणसाने विरोध केला होता: "सहा वर्षांत त्यांची गाडी एकदाही चुकलेली नाही." कोणाने ते मी विचारलं नाही. काकांनीही सांगितलं नाही.

थोडक्यात, ऑडिटरच्या शेऱ्याला पुरावा हवा होता आणि तो मी त्या सकाळी गाडी अडवून दिला.

रात्री अकराव्या नियमाचं प्रकरण पुन्हा काढलं. त्या पुस्तकात बहुतेक प्रकरणांच्या शेवटी नियमाची उलट बाजू दिलेली असते. तिथे स्पष्ट लिहिलंय की ज्याला तुम्ही अवलंबून ठेवता, त्याच्यावर काही अंशी तुम्हीही अवलंबून असता. माझी पेन्सिल तिथपर्यंत पोचलीच नव्हती. साठ टक्के माल एकाला देणारी मी, आणि अवलंबून कोण, तर म्हणे ते! मला तर वाटतं, ही पुस्तकं वाचणारे आम्ही बहुतेक जण मथळ्यांवरच थांबतो. आपण सर्रास 'साम, दाम, दंड, भेद' म्हणतो. कौटिल्याचा क्रम साम, दान, भेद, दंड असा आहे, दंड सगळ्यात शेवटी. बोलताना जोर यावा म्हणून आपण त्याला पुढे ओढलाय, की घाई झाली म्हणून, कोण जाणे. त्याच्या 'अर्थशास्त्रा'च्या सातव्या अधिकरणात, म्हणजे भागात, तो म्हणतो की तह आणि युद्ध दोन्हींतून सारखीच वाढ होत असेल तर तह करावा, कारण युद्धात क्षय, खर्च, प्रवास आणि विघ्नं येतात. युद्धकलेवर लिहिणाऱ्या प्राचीन चीनमधल्या सुन त्झूचं दुसरं प्रकरणही खर्चाचंच आहे: लांबलेल्या लढाईने कुठल्या राज्याचं भलं झालेलं नाही. हे दोघे हिशेब मांडून बसले होते. मी फक्त एक बाजू मांडली, जमेची.

आणि मॅकियाव्हेली? १५१२ साली त्याची नोकरी गेली, १५१३ मध्ये त्याला कैदेत टाकून छळलं, आणि त्यानंतर गावाबाहेर रिकामा बसलेला असताना त्याने ते पुस्तक लिहिलं, सत्तेवरच्या घराण्याला अर्पण करून. म्हणजे तोही एका अर्थी "साहेब, तेवढं माझं बघा ना" म्हणणाराच. पुस्तक छापलं गेलं १५३२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. हे कळल्यावर मला तो जास्त आवडायला लागला, पण त्याच्या सल्ल्याने गाडी अडवायची हिंमत मात्र गेली.

पुस्तकं मी फेकली नाहीत. ड्रॉवरमधला कागद काढला. हल्ली 'अर्थशास्त्रा'चं दुसरं अधिकरण वाचतेय, ज्याचं नाव कोणी भाषणात घेत नाही. पंधरा अधिकरणांत ते सर्वात मोठं, छत्तीस अध्यायांचं. त्यात वजनं-मापं आहेत, खाणी आहेत, सूतकताई आहे, सरकारी पैसा खाण्याच्या चाळीस युक्त्यांची यादी आहे, आणि कोष्ठागाराध्यक्षावर एक अख्खा अध्याय आहे. कोष्ठागाराध्यक्ष म्हणजे स्टोअरकीपर. डावपेचांच्या इतर कुठल्याही पुस्तकात मला हा माणूस भेटला नव्हता.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी काकांना एवढंच म्हणाले, "चुकलं माझं." खरेदीप्रमुखांना फोन करून सांगितलं की मशीन चालू होतं, गाडी मी अडवली, काकांचा यात काही दोष नाही. पलीकडून "बरं" आलं आणि फोन बंद झाला. त्यांनाही चौथा नियम येत होता. मेमो मागे घेतला गेला की नाही, ते मला कधी कळलं नाही. कपाट उघडून सगळ्या डाय आणि ब्लॉक यादीसकट त्याच गाडीत चढवले. पुढच्या चार महिन्यांत माझ्या मालातला त्यांचा वाटा साठ टक्क्यांवरून पस्तिसावर आला आणि पन्हळीचं दुसरं मशीन घ्यायचा बेत बारगळला.

गाडीमागे मीही त्यांच्या गेटपर्यंत गेले. काकांनी ताडपत्री सोडायला लावली. एरवी ते गठ्ठे मोजायचे, माल मिळाल्याची पावती लगेच फाडायचे आणि पावसाळ्यात पुठ्ठा थोडा ओलसर असला तरी "लाइनवर सुकेल" म्हणून सोडून द्यायचे. त्या दिवशी त्यांनी खिशातून ओलावा मोजायचा मीटर काढला. सहा वर्षांत तो त्यांच्या हातात मी पाहिला नव्हता. पहिल्या गठ्ठ्यात टोचला, आकडा पाहिला, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. साठही गठ्ठे होईपर्यंत मी शेजारी उभी होते. मर्यादा दहा टक्क्यांची. चलनावर त्यांनी 'साडेदहा' लिहिलं, खाली सही केली आणि माझी प्रत माझ्या हातात दिली.