आधी ब्रीदर, मग पाईप : आमची वाटचाल

आमचं वर्कशॉप जळगावचं. सुरुवात गाड्यांच्या इनटेकने, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाईपांनी, नाही झाली, ट्रॅक्टरचे सायलेन्सर, ट्रॉलीचे तुटलेले जोड, विहिरीवरच्या मोटारींचे स्टँड असं जे येईल ते वेल्डिंग करायचो. मग आर्गन मशीन घेतलं, अ‍ॅल्युमिनियमवर हात बसला आणि गाडीवाली पोरं यायला लागली. कोणाला कोन फिल्टर लावायचाय, कोणाला कंपनीचा प्लास्टिकचा एअर बॉक्स काढून ६३ नाहीतर ७६ एमएमचा पाईप टाकायचाय. बघायला सोपं काम, पाईप वाकवला, टोकांना बीड मारली, सिलिकॉन कपलर, क्लॅम्प, झालं. पण आमच्याकडे लोक लांबून येतात ते पाईपासाठी नाही, पाईपावर जी एक छोटी निप्पल असते ना, ब्रीदरची, म्हणजे इंजिनाला श्वास घ्यायला-सोडायला जो होज असतो तो जोडायची, तिच्यासाठी येतात.

ही गोष्ट खरी सुरू झाली अमळनेरच्या एका दादांच्या पेट्रोल गाडीवरून. ऑनलाइन किट मागवलं, तिकडेच कुठंतरी बसवून घेतलं आणि आमच्याकडे आले, "भाऊ, गाडी उभी ऱ्हायनी का थरथर करस, दखा बरं." स्कॅनर लावला तर पी०१७१, म्हणजे मिक्श्चर लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. बोनेट उघडलं, किटच्या पाईपाला निप्पलच नव्हती, मग फिटरने टॅपेट कव्हरवरचा ब्रीदर होज काढून तिथं अंगठ्याएवढा फिल्टर खोचून दिलेला. दिसायला भारीच दिसतो तो, लाल लाल. पण गाडी मॅफ सेन्सरवाली होती, म्हणजे आत जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरची, आणि सगळा घोळ तिथं होता.

कसंय, पिस्टनच्या रिंगमधून थोडा जळलेला गॅस खाली क्रँककेसमध्ये, इंजिनाच्या ऑइल असलेल्या खालच्या भागात, उतरतोच, इंजिन नवं असलं तरी उतरतो, आपल्याकडचे मिस्त्री त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. त्यात पेट्रोलची वाफ असते, पाणी असतं, ऑइलचे बारीक थेंब असतात. हा गॅस बाहेर काढला नाही तर ऑइल लवकर खराब होतं आणि आत प्रेशर साठतं. पूर्वी एक नळी खाली रस्त्याकडे सोडून द्यायचे, १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांना पीसीव्ही सिस्टिम यायला लागली, म्हणजे तो गॅस परत इंजिनातच ओढून जाळायचा. पेट्रोल गाडीत दोन रस्ते असतात. एका बाजूने पीसीव्ही व्हॉल्व्हमधून मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणारा भाग, तो गॅस ओढतो, आणि त्याच्या जागी ताजी हवा ब्रीदर होजमधून येते, ती एअर फिल्टरच्या नंतरची आणि मॅफ सेन्सरच्याही नंतरची, म्हणजे मोजलेली. पाय पूर्ण दाबला की मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम जातो आणि तोच होज उलटा चालतो, गॅस त्यातून इनटेक पाईपात येतो. एकच होज दोन्ही दिशांनी काम करतो आणि लोक त्यालाच फालतू समजून काढून टाकतात!

आता त्या दादांच्या गाडीत व्हॉल्व्ह जोडलेला होता, म्हणजे ओढणं चालूच होतं, पण हवा यायची त्या लाल फिल्टरमधून, मॅफने न मोजलेली. ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं हवा कमी आहे, तो पेट्रोल कमी सोडतो, गाडी थरथरते. मॅप सेन्सरवाल्या, म्हणजे हवेऐवजी मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजणाऱ्या गाडीत, आणि आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांना मॅपच असतो, हा त्रास सहसा जाणवत नाही, म्हणून फिटर लोक म्हणतात माझ्या गाडीला तर काही नाही झालं. तरी आम्ही तिथंही तो फिल्टर लावत नाही. कारण आपला खान्देश. काळ्या मातीचा धुरळा, जिनिंगच्या सीझनमध्ये हवेत उडणारा कापूस, फोर लेनची कामं, आणि एवढ्याशा फिल्टरमधून ती हवा थेट ऑइलमध्ये! बाहेर हजारोंचा मोठा फिल्टर लावायचा आणि मागच्या दाराने बारीक धूळ बेअरिंगपर्यंत पोचवायची, हे मला पटतच नाही.

दुसरा प्रकार याहून वाईट, होजमध्ये बोल्ट ठोकून बंद करतात. धुळ्याकडची एक डिझेल पिकअप अशीच आली होती, ऑइल मोजायची पट्टी वर उडायची, क्रँकचं मागचं ऑइल सील गळत होतं, आणि मालकाला इंजिन उतरवायचा खर्च सांगून ठेवलेला. डिझेलला मॅनिफोल्डचा असा व्हॅक्यूम नसतो, तिथला ब्रीदर टर्बोच्या आधीच्या पाईपातच जातो, तोच बंद केला तर गॅस जाणार कुठं? आणि क्रँककेसमध्ये प्रेशर असलं की टर्बोचं ऑइलसुद्धा नीट परत येत नाही. होज मोकळा केल्यावर पट्टी जागेवर बसली, सील मात्र बदलावंच लागलं.

होजचंही सांगतो. आपल्याकडे ठिबकची १६ एमएम नळी घरोघर पडलेली, तीच ब्रीदरला लावलेली मी पाहिलीय. गरम झाली की मऊ पडते, क्लॅम्पखाली चपटी होते. रेडिएटरच्या पाण्याचा होज ऑइलने फुगतो, साध्या सिलिकॉनमधून ऑइल पाझरतं. आम्ही ऑइलला टिकणारा नायट्राइल रबरचा होज वापरतो, आतला व्यास कंपनीच्या होजएवढाच, कमी अजिबात नाही, आणि मध्ये झोळ पडू देत नाही, नाहीतर तिथं पाणी आणि ऑइल साचून रस्ता बंद होतो. निप्पल नेहमी मॅफच्या नंतर आणि थ्रॉटलच्या, टर्बो असेल तर टर्बोच्या आधी. मॅफच्या आधी लावली तर ऑइलची वाफ सेन्सरच्या तारेवर बसते आणि रीडिंग चुकतं.

कॅच कॅन, म्हणजे ब्रीदरच्या गॅसमधलं ऑइल अडवणारा डबा, मागतात लोक, आम्ही बनवतो पण बंद, दोन्ही होज जोडलेला आणि आत जाळी असलेला, नुसता डबा नाही. जानेवारीत थंडी पडली की त्यात पांढरट दुधासारखं पाणी-ऑइल जमतं, ते काढत राहावं लागतं, हे ऐकून जो कंटाळतो त्याला आम्ही कॅन देत नाही.

गाडी सोडायच्या आधी गवंडी लेव्हलला वापरतो ती पारदर्शक नळी घेतो, यू आकारात पाणी भरून ऑइलच्या पट्टीच्या नळीला जोडतो. पेट्रोल गाडी आयडलला पाणी जरासं आत ओढते. बाहेर ढकलत असेल तर काहीतरी अडलंय, नाहीतर रिंगा गेल्यात. मग चाळीसगावपुढे कन्नड घाट चढून येतो, लोडवर काय होतं ते तिथंच कळतं.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस सिक्स गाडीचा ब्रीदर हवेत सोडून द्या म्हणणाऱ्याला आमच्याकडून सरळ नकार असतो. क्रँककेसचा गॅस बाहेर सोडणं नियमातच बसत नाही, वर गाडीच्या मूळ बनावटीत बदल करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, वॉरंटीचा प्रश्न वेगळाच. गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल.

ऑर्डर देताना एवढं पाठवा, इंजिन कोणतं, सेन्सर मॅफ का मॅप, ब्रीदर होजचा आतला व्यास कॅलिपरने मोजून, आणि बोनेट उघडून वरून काढलेला एक फोटो. पाईपाचा रंग नंतर ठरवू.